घरावर खुणेचा आकडा पडल्यावर: विकासासाठी होणाऱ्या सक्तीच्या विस्थापनाबद्दल वारंवार विचारले जाणारे प्रश्न

हे प्रश्न दोन बाजूंनी येतात. काही ज्यांचं घर जाणार आहे त्यांचे, तर काही पलीकडच्या इमारतीत राहणाऱ्या आणि ‘पण रस्ता तर व्हायलाच हवा’ असं मनापासून वाटणाऱ्या माणसांचे. दोघांनाही सरळ उत्तर मिळायला हवं. कायदा देशोदेशी वेगळा असतो, त्यामुळे तुमच्या प्रकरणात वकिलाला विचाराच. मात्र वस्ती उठवण्याची जी पद्धत आहे ती जगभर विलक्षण सारखी आहे.

सक्तीचं निष्कासन नेमकं कशाला म्हणतात?

संयुक्त राष्ट्रांच्या आर्थिक, सामाजिक व सांस्कृतिक हक्कांच्या समितीने १९९७ मध्ये त्याची व्याख्या केली. माणसांना, कुटुंबांना किंवा अख्ख्या वस्तीला त्यांच्या इच्छेविरुद्ध राहत्या घरातून वा जमिनीवरून हलवायचं, आणि हलवताना कायद्याचं किंवा दुसरं योग्य संरक्षण द्यायचं नाही, म्हणजे सक्तीचं निष्कासन. हे हलवणं कायमचं असो की तात्पुरतं, व्याख्येत दोन्ही येतं. हे मुद्दाम सांगायचं कारण असं, की ‘काही दिवस संक्रमण शिबिरात राहा’ म्हणून नेलेल्या कुटुंबांची मुलं तिथेच मोठी होतात.

त्याआधी, १९९३ मध्ये, संयुक्त राष्ट्रांच्या मानवी हक्क आयोगाने सक्तीचं निष्कासन हे मानवी हक्कांचं गंभीर उल्लंघन असल्याचा ठराव केला होता.

आमची वस्ती बेकायदा आहे म्हणतात. मग आम्हाला कसला हक्क?

जमिनीची मालकी वेगळी आणि डोक्यावर छप्पर असण्याचा हक्क वेगळा. मालकी नसली तरी तुम्हाला वाटेल तेव्हा, वाटेल तसं उचलून बाहेर टाकता येत नाही, हे अनेक देशांच्या न्यायालयांनी म्हटलं आहे.

मुंबईच्या पदपथांवर राहणाऱ्यांच्या खटल्यात भारताच्या सर्वोच्च न्यायालयाने १९८५ मध्ये सांगितलं, की जगण्याच्या हक्कात उपजीविकेचा हक्कही येतो. सरन्यायाधीश य. वि. चंद्रचूड यांच्या पाच जणांच्या घटनापीठाने गरिबाच्या जगण्याचं साधं गणित ओळखलं: माणूस पदपथावर राहतो तो काम जवळ आहे म्हणून, आणि तिथून उठवला की त्याचं कामही जातं. पण हा निकाल पूर्ण वाचायला हवा, कारण तो अर्धाच सांगितला जातो. पदपथावर राहण्याचा हक्क न्यायालयाने मान्य केला नाही. पावसाळा सरेपर्यंत थांबा, मग काढा, असं सांगितलं. १९७६ च्या गणनेत ज्यांची नोंद झाली होती त्यांना पर्यायी जागा द्यावी, असंही म्हटलं, पण आधी जागा आणि मग पाडकाम अशी अट घातली नाही. तत्त्व मोठं मिळालं, छप्पर मात्र वाचलं नाही. आणि ज्यांना काही मिळण्याची आशा होती, ते नऊ वर्षांपूर्वीच्या एका नोंदीत नाव असलेले होते. ही नोंदीची गोष्ट पुढेही येणार आहे.

दक्षिण आफ्रिकेने १९९६ च्या राज्यघटनेतच लिहून ठेवलं, की सर्व संबंधित परिस्थिती विचारात घेऊन न्यायालयाने आदेश दिल्याशिवाय कुणालाही राहत्या घरातून काढता येणार नाही आणि कुणाचं घर पाडता येणार नाही. केनियाच्या सर्वोच्च न्यायालयाने २०२१ मध्ये नैरोबीच्या विमानतळाशेजारून उठवलेल्या वस्तीबाबत म्हटलं, की भूमिहीन लोक सार्वजनिक जमिनीवर घरं करून राहिले तर जमीन त्यांच्या मालकीची होत नाही, पण घराचा संरक्षणयोग्य हक्क त्यांना मिळतो.

‘बेकायदा’ या शब्दाबद्दलही एक सांगायला हवं. बांधकामावर मजूर, घरकामाला बाई, पहाटे कचरा उचलायला माणूस हे सगळे शहराला हवे असतात. त्यांच्या मजुरीत बसेल असं घर मात्र शहर बांधत नाही. मग ते मिळेल त्या जागी राहतात. तीस वर्षं त्यांची मतं घेतली जातात, विजेची बिलं घेतली जातात, आणि जमिनीला भाव आला की ती वस्ती ‘अतिक्रमण’ ठरते.

म्हणजे रस्ते, मेट्रो, पूल काही बांधायचंच नाही का?

बांधायला हवं. वस्तीतल्या माणसालाही रस्ता लागतो, उलट गाडी नसल्याने बस आणि रेल्वे त्यालाच जास्त लागते. कधीकधी खरोखर दुसरी जागा नसते, घरं हलवावीच लागतात. आंतरराष्ट्रीय नियमही ते मान्य करतात. पण आधी दुसरे सगळे पर्याय तपासलेत का, आणि ते लोकांशी बोलून तपासलेत का, हे ते विचारतात. रस्त्याची आखणी वीस मीटर सरकवता येत होती का? पलीकडे रिकामं मैदान किंवा सधन वसाहत असताना रेघ वस्तीवरूनच का गेली? याचं उत्तर लेखी मागण्याचा तुम्हाला हक्क आहे.

सांगितलेलं कारण आणि नंतर उभं राहिलेलं बांधकाम यांची तुलनाही करून पाहावी. नायजेरियातल्या लागोस शहराच्या किनाऱ्यावरची मारोको ही वस्ती जुलै १९९० मध्ये जमीनदोस्त झाली. सुमारे तीन लाख माणसं बेघर झाली. जागा सखल आहे, पुराचा धोका आहे, अस्वच्छता आहे, असं कारण दिलं होतं. पुढे त्याच जमिनीवर भराव टाकून श्रीमंतांची वसाहत उभी राहिली. धोका जमिनीत होता, तर तो घरं बदलल्यावर कसा गेला?

झिंबाब्वेत २००५ मध्ये शहरांतल्या वस्त्या आणि टपऱ्या पाडण्याची मोहीम निघाली. तिच्या शोना भाषेतल्या नावाचा अर्थच ‘घाण हटवा’ असा होता. संयुक्त राष्ट्रांच्या विशेष दूत ॲना तिबाइजुका यांच्या अहवालानुसार सुमारे सात लाख लोकांचं घर, रोजगार किंवा दोन्ही गेलं. माणसांना घाण म्हणून झालं, की पुढचं सगळं सोपं जातं. म्हणून वस्तीबद्दल कोणते शब्द वापरले जातात याकडे लक्ष ठेवा आणि पहिल्यांदा ऐकाल तेव्हाच हरकत घ्या.

आमचं घर जाणार हे नक्की केव्हा ठरतं?

बुलडोझर येतो त्या दिवशी नाही. तोवर सगळं ठरून गेलेलं असतं. आधी नकाशावर एक रेघ पडते, मग एक यादी तयार होते. कोण उठणार हे रेघेवरून ठरतं आणि उठलेल्यांतल्या कुणाला काय मिळणार हे यादीवरून. या दोन्ही गोष्टी शांतपणे, कार्यालयांत, कधीकधी पाडकामाच्या पाच-दहा वर्षं आधी होतात. त्या वेळी वस्तीत कुणालाच भीती वाटत नसते, म्हणून बैठकीला कुणी येत नाही. जेसीबी दिसल्यावर शेकडो लोक रस्त्यावर येतात, पण तेव्हा हातात फारच थोडं उरलेलं असतं.

कंबोडियाची राजधानी नॉम पेन्हमधल्या बोंग काक तलावाचं उदाहरण यासाठी लक्षात ठेवण्यासारखं आहे. तलावाकाठी सुमारे चार हजार कुटुंबं राहत होती, बरीचशी कित्येक वर्षांपासून. शहरात जमिनीचे हक्क नोंदवण्याचा मोठा कार्यक्रम चालू होता आणि त्यासाठी जागतिक बँकेचं कर्ज होतं. तलावाकाठचा भाग मात्र या नोंदणीतून वगळला गेला. २००७ मध्ये तलावासह १३३ हेक्टर जमीन ९९ वर्षांच्या भाडेपट्ट्याने एका खासगी कंपनीला दिली गेली आणि तलावात वाळू भरायला सुरुवात झाली. हजारो कुटुंबं तुटपुंजी भरपाई घेऊन निघून गेली. राहिलेल्यांनी, त्यांत बायका पुढे होत्या, बँकेच्या तपासणी मंडळाकडे तक्रार नेली. २०११ मध्ये बँकेने कंबोडियाला नवं कर्ज देणं थांबवल्याचं जाहीर केलं आणि त्याच महिन्यात सरकारने उरलेल्या कुटुंबांसाठी १२.४४ हेक्टर जमीन सोडली. त्यातूनही काही घरं बाहेर राहिली. इतक्या लोकांचं नशीब पालटलं ते नोंदणीतून एक भाग वगळला गेल्याने, आणि त्या दिवशी तलावाकाठी एक वीटसुद्धा पडली नव्हती.

म्हणून विकास आराखडा जाहीर होतो, हरकती-सूचना मागवल्या जातात, तेव्हा वस्तीतल्या दोन माणसांनी तो नकाशा जाऊन पाहायलाच हवा. नकाशा वाचता येत नसेल तर वास्तुरचना किंवा नगररचना शिकणाऱ्या विद्यार्थ्यांना बोलवा, ती मुलं येतात. हरकत लेखी द्या आणि पोच घ्या.

सर्वेक्षणाला माणसं आली आहेत. दार उघडायचं की नाही?

यावर वस्त्यांमध्ये भांडणं होतात आणि दोन्ही बाजूंचं म्हणणं समजण्यासारखं आहे. एकाला वाटतं, नोंद दिली म्हणजे उठायला होकार दिला. दुसऱ्याला वाटतं, नोंद नसेल तर हातात काहीच उरणार नाही. माझं मत स्पष्ट आहे: नोंद करून घ्या, पण काय लिहिलं जातंय ते वाचून, आणि कागदावर ‘संमती’ असा शब्द असेल तर सही न करता. मोजणी आणि मंजुरी वेगळ्या आहेत, हे सर्वेक्षकाच्या समोरच बोलून दाखवा.

सरकारी मोजणीच्या आधी वस्तीने स्वतःची मोजणी केली तर सगळ्यात चांगलं. गल्लीगल्लीचा हाताने काढलेला नकाशा, प्रत्येक घराचा क्रमांक, राहणाऱ्यांची नावं, किती वर्षांपासून, घरात चालणारा धंदा, शाळेत जाणारी मुलं. नंतर दोन्ही याद्या शेजारी ठेवल्या की कोण गळलं ते लगेच दिसतं. आणि गळणारे ठरलेले असतात: त्या दिवशी कामावर गेल्यामुळे ज्यांच्या दाराला कुलूप होतं ते, माळ्यावर राहणारे, एकाच छपराखाली दोन चुली असलेले भाऊ, नवऱ्याने टाकलेली बाई जिचं नाव कुठल्याच कागदावर नाही, आणि घरातच शिवणयंत्र चालवणारे, ज्यांचं ‘निवासी’ म्हणून घर मोजलं जातं पण दुकान मोजलं जात नाही.

पात्रतेची शेवटची तारीख कोणती, ती कुणी आणि कशाच्या आधारे ठरवली, हे लेखी विचारा. घर पत्नी आणि पती दोघांच्या नावावर लागेल असं पाहा. घर एकट्या पुरुषाच्या नावावर लागलं आणि त्याने ते विकलं, तर बाई मुलांसह दुसऱ्यांदा बेघर होते.

आम्ही भाडेकरू आहोत. आमचं काय?

सगळ्यात जास्त अन्याय तुमच्यावर होतो. भरपाई घरमालकाला मिळते आणि राहणारा मोकळ्या हातांनी जातो. आंतरराष्ट्रीय तत्त्वांमध्ये मालक आणि भाडेकरू असा भेद नाही, निष्कासनापासूनचं संरक्षण राहणाऱ्याला आहे. राहत असल्याचे पुरावे आजपासून जमवा आणि वस्तीच्या समितीत भाडेकरूंचा माणूस असावा असा आग्रह धरा. मालकांच्या समितीला तुमची आठवण येईलच असं नाही.

नोटीस किती दिवस आधी यायला हवी?

दिवसांचा आकडा त्या त्या देशाच्या कायद्यात असतो. सुरुवातीला सांगितलेल्या संयुक्त राष्ट्रांच्या समितीचं १९९७ चं मार्गदर्शन ‘पुरेशी आणि वाजवी’ नोटीस म्हणतं, शिवाय लोकांशी खरीखुरी चर्चा, जमिनीचा पुढे काय उपयोग होणार याची माहिती, दाद मागायची सोय आणि ज्यांना परवडत नाही त्यांना कायदेशीर मदत, एवढं मागतं. नोटीस एखाद्या खांबावर चिकटवून फोटो काढून नेला असेल तर त्या खांबाचा तुम्हीही फोटो काढा, तारखेसह.

तोडक कारवाईच्या दिवशी काय करायचं?

आधी म्हातारी माणसं, आजारी माणसं, बाळंतिणी आणि लहान मुलं एका ठरलेल्या ठिकाणी हलवा. औषधं आणि कागदपत्रं एका पिशवीत आधीच बांधून ठेवलेली असावीत. कागदांच्या प्रती वस्तीबाहेरच्या विश्वासू माणसाकडे ठेवा, कारण ढिगाऱ्यातून नेमके तेच कागद सापडत नाहीत आणि मग नाव यादीत असूनही सिद्ध करता येत नाही.

जबाबदार अधिकारी हजर असायला हवेत आणि पाडणाऱ्या प्रत्येकाची ओळख कळायला हवी. रात्री किंवा फार वाईट हवामानात, लोकांची संमती नसताना, कारवाई होऊ नये. हे सगळं त्याच १९९७ च्या मार्गदर्शनात आहे. आदेश दाखवा म्हणा, क्रमांक आणि तारीख लिहून घ्या. न्यायालयाची स्थगिती असेल तर तिची प्रत पाच-सहा जणांकडे हवी. चित्रण करा, पण एकट्याने नको. दगड उचलू नका आणि उचलू देऊ नका. मार तुम्हालाच बसेल, गुन्हेही तुमच्यावरच लागतील आणि उद्या न्यायालयात पहिली चर्चा त्या दगडाची होईल.

पक्कं घर देतायत, नळ, संडास सगळं आत. मग तक्रार कशाची?

हा प्रश्न विचारणाऱ्याला मी नेहमी एकच विचारतो: ते घर कुठे आहे?

१९९१ मध्ये संयुक्त राष्ट्रांच्या त्याच समितीने घर ‘पुरेसं’ कधी म्हणायचं याचे सात निकष सांगितले आणि ठिकाण हा त्यांतला एक आहे. काम, दवाखाना, शाळा, पाळणाघर जिथून गाठता येत नाही ते घर पुरेसं नाही. प्रदूषणाच्या शेजारी बांधलेलं घरही नाही. शहराच्या टोकाला जमीन स्वस्त असते म्हणून पुनर्वसनाच्या इमारती तिथे उभ्या राहतात, आणि ती जमीन स्वस्त असते कारण तिथे काम नसतं, गाडी नसते, कधी हवाच वाईट असते. चार घरची धुणीभांडी करणारी बाई रोज दोन तास जायला आणि दोन तास यायला घालवू शकत नाही. तिची चारही घरं सुटतात. मुलगी आठवीत असेल तर शाळा सुटते, कारण एवढ्या लांब तिला एकटीला पाठवत नाहीत.

जागतिक बँकेत अनेक वर्षं काम केलेले समाजशास्त्रज्ञ मायकेल सर्निया यांनी विस्थापनातून माणूस गरीब कसा होतो याचे आठ धोके मांडले: जमीन जाणं, रोजगार जाणं, घर जाणं, समाजात कडेला ढकललं जाणं, खाण्याची शाश्वती जाणं, आजार आणि मृत्यू वाढणं, सामायिक साधनं हातची जाणं आणि समाजाची वीण उसवणं. नवी सदनिका या आठांपैकी एकाचं उत्तर आहे. बाकीच्या सातांचं काय, हे पुनर्वसनाच्या योजनेत शोधा.

शेवटचा धोका कागदावर दिसत नाही म्हणून त्याबद्दल थोडं जास्त. वस्तीत आई कामावर जाते तेव्हा समोरची आजी पोराला बघते. रात्री कुणाच्या छातीत कळ आली तर रिक्षा चालवणारा शेजारी उठतो. अडचणीत उधार देणारा माणूस ओळखीचा असतो. यातलं काहीही विकत घ्यायचं म्हटलं तर परवडणारं नाही. सोडतीने घरं वाटली, की समोरची आजी एका इमारतीत आणि ते पोर तिसऱ्याच इमारतीत जातं. गल्लीच्या गल्ली एका मजल्यावर द्या, ही मागणी करायला खर्च लागत नाही, तरी ती बहुतेकदा कुणी करत नाही. तुम्ही करा.

तरी लोक नवी घरं विकून परत वस्तीत येतातच की!

काही येतात. ज्या घरातून कामावर पोचता येत नाही, ते घर माणूस विकतो किंवा भाड्याने देतो आणि कामाजवळ परत झोपडं बांधतो. लोभ असता तर तो चांगल्या जागी गेला असता. त्याचं परतणं ही पुनर्वसनाच्या जागेची परीक्षा आहे, आणि त्यात नापास झाली ती जागा.

भरपाईचे पैसे घ्यावेत की घराच्या बदल्यात घर?

पैसे मिळताना मोठे वाटतात. पण ते बहुतेकदा पत्रे, विटा आणि लाकडाचे असतात, जागेचे नसतात. तेवढ्या पैशांत त्याच शहरात दुसरं छप्पर मिळणार नसेल तर ती भरपाई अपुरी आहे. प्रकल्पाला कर्ज कोण देतंय हे जरूर शोधा. जागतिक बँकेच्या २०१८ पासून लागू असलेल्या नियमांनुसार जमिनीचा कायदेशीर हक्क नसलेल्यांनाही घराच्या बांधकामाची भरपाई, पुनर्वसनासाठी मदत आणि पुरेशा घराची सोय मिळायला हवी. मालमत्तेची किंमत तसंच नव्याने उभं करायला लागेल त्या खर्चाइतकी धरायची, जुनं झालं म्हणून कापायची नाही. दलालाने घाईने पुढे केलेला कागद रात्रभर घरी ठेवा, दुसऱ्या दिवशी वाचायला दोन माणसं बोलवा.

न्यायालयात जाऊन काही होतं का?

होतं, पण हळू, आणि बऱ्याचदा खटला लढणाऱ्यापेक्षा नंतरच्यांना जास्त मिळतं. केप टाउनजवळ १९९९ मध्ये ३९० प्रौढ आणि ५१० मुलांना एका खासगी जमिनीवरून हाकललं गेलं. आयरीन ग्रूटबूम आणि इतरांच्या नावाने लढलेल्या त्या खटल्यात दक्षिण आफ्रिकेच्या घटना न्यायालयाने २००० मध्ये ठरवलं, की ज्यांना आज रात्री छप्पर नाही त्यांच्यासाठी काहीच नसलेली सरकारी घरयोजना वाजवी म्हणता येत नाही. जगभरातल्या कायद्याच्या विद्यार्थ्यांना हा निकाल शिकवला जातो. आयरीन ग्रूटबूम २००८ मध्ये वारल्या, तेव्हाही त्या झोपडीतच राहत होत्या. ही गोष्ट सांगताना मला दरवेळी जड जातं, पण खटल्यात उतरणाऱ्याला ती माहीत हवी.

तरीही खटल्याने वेळ मिळतो आणि समोरच्याला बोलायला बसावं लागतं. जोहान्सबर्गच्या मध्यवस्तीतल्या पडक्या इमारतींमधून चारशेहून अधिक माणसांना काढायचं ठरलं होतं. न्यायालयाने महापालिकेला आधी त्यांच्याशी अर्थपूर्ण चर्चा करायला सांगितलं. बोलणी झाली, त्या इमारती तात्पुरत्या का होईना राहण्यालायक करण्यावर आणि पर्यायी जागेवर समझोता झाला, आणि २००८ च्या निकालाने अशी चर्चा ही घटनात्मक जबाबदारी मानली.

न हलवता आहे तिथेच घरं सुधारता येतात का?

येतात. थायलंडमध्ये २००३ पासून ‘बान मानकोंग’ हा सरकारी कार्यक्रम चालतो. त्याच्या नावाचा अर्थ ‘सुरक्षित घर’. त्यात कर्ज एकट्याला न देता वस्तीच्या बचत गटाला किंवा सहकारी संस्थेला मिळतं. लोक स्वतः मोजणी करतात, जमीनमालकाशी बोलतात, जमीन विकत किंवा लांब मुदतीच्या भाड्याने घेतात आणि मग गल्ल्या, गटारं, घरं नीट करतात. कधी जमीन वाटून घेतली जाते: रस्त्याकडचा भाग मालकाला, मागचा वस्तीला.

रिओ द जानेरोत २०१६ च्या ऑलिंपिकसाठी विला ऑटोड्रोमो ही वस्ती उठवायला घेतली, तेव्हा रहिवाशांनी विद्यापीठातल्या नियोजनकारांसोबत स्वतःचा पर्यायी आराखडा केला. बहुतेक घरं तरीही पडली, पण सुमारे वीस कुटुंबं शेवटपर्यंत हलली नाहीत आणि त्याच जागी त्यांना नवी घरं बांधून मिळाली. ‘हे शक्य नाही’ असं म्हणणाऱ्या अधिकाऱ्यासमोर ठेवायला आराखडा असला की बोलणं बदलतं.

घर पडलं. आता काय?

पहिल्या रात्री पांगू नका. नातेवाइकांकडे जाणाऱ्यांनीही फोन नंबर आणि पत्ता एकाकडे लिहून द्यावा. ढिगारा उचलण्याआधी फोटो काढा, पंचनाम्याची मागणी करा, काय मोडलं आणि काय नेलं याची घराघराची यादी करा. जखमींची दवाखान्यात नोंद हवी. शाळेत जाऊन सांगा, म्हणजे मुलांची नावं गैरहजेरीमुळे कमी होणार नाहीत. वह्या-पुस्तकं गेली असतील तर तेही यादीत लिहा.

मग वस्तीचा तो हाताने काढलेला नकाशा काढा आणि घरामागून घर नावं वाचा. ज्यांच्या दाराला त्या दिवशी कुलूप होतं त्यांचीही वाचा. गावाला गेलेलं कुटुंब परत येईल तेव्हा त्यांना त्यांची जागा दाखवायला आणि बाकीचे कुठे आहेत ते सांगायला कुणीतरी तिथे असायला हवं.